सांगलीत बसून मुक्त जॅझच्या मागावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. घरी आल्यावर जे ऐकतो ते गल्लीला, पाहुण्यांना आणि कधी कधी मलाही कोड्यात टाकतं. सॅक्सोफोन किंचाळतो, पियानोच्या तारांत बोल्ट अडकवलेले असतात, नाहीतर पाऊण तास एकच सूर हलत नाही. वर परदेशातल्या कुठल्या कुठल्या लहान कंपन्यांचं नवं काय निघालं याची वाट बघत बसतो, म्हणून लोक विचारतात. तेच तेच सांगून चहा गार होतो. म्हणून एकदा लिहून टाकलं.

अजून वाद्यंच लावतायत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तोही दाराच्या चौकटीत उभं राहून. नाही, सुरू होऊन वीस मिनिटं झाली.

पण विचारणाऱ्याला मी हसत नाही. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी मोठी मैफल झाली, तेव्हा पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्यं लावत होते आणि लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. त्यांनी आपल्या लावण्याला वाजवणं समजलं, आपण त्यांच्या वाजवण्याला लावणं समजतो. फिट्टंफाट.

मग हे नेमकं आहे तरी काय?

साध्या जॅझमध्ये एक धून असते, तिच्याखाली ठरलेल्या स्वरसंगतींचं चक्र फिरत असतं, आणि त्या चक्रावर प्रत्येक जण आपापली उपज करतो. मुक्त जॅझवाल्यांनी ते चक्रच काढून टाकलं. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनने २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कला चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच खोलीत बसवल्या आणि सुमारे सदतीस मिनिटं सलग वाजवून घेतलं. एक चौकडी डाव्या कानात आहे, दुसरी उजव्या. हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो नुसता बाजार वाटतो, हेडफोनवर बाजारातली दोन दुकानं वेगळी दिसायला लागतात.

पुढे हे युरोपात गेलं आणि तिथे त्याला जॅझ म्हणावं की नाही यावरच वाद सुरू झाले. लंडनचा डेरेक बेली गिटार अशी वाजवायचा की कुठल्याही शैलीची आठवणसुद्धा होऊ नये. याच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक आवाज, दीर्घ स्थिर सूर, कागदावर चित्रं काढून केलेल्या रचना असं बरंच काही येऊन बसलं. त्या सगळ्याला आता सैलपणे ‘प्रयोगशील’ म्हणतात. सगळंच कर्कश नसतं हेही सांगून ठेवतो. यातलं काही इतकं हळू असतं की पंखा बंद करावा लागतो.

कलाकार सोडून कंपनीच्या मागे का लागायचं?

पुस्तकं वाचणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं. एकेकाळी लेखकाचं नाव माहीत नसतानाही मौजेचं पुस्तक म्हणून लोक विकत घ्यायचे. श्री. पु. भागवतांच्या नजरेखालून गेलंय, एवढं पुरायचं. लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, हे असंच एक प्रकाशनगृह. लहान लेबल तर बऱ्याचदा एकाच माणसाचा कान असतं.

म्युनिकचं ईसीएम घ्या. १९६९ पासून मानफ्रेड आयशर ते चालवतात. ते स्वतः बास वाजवायचे, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बहुतेकदा तिथे हजर असतात. त्यांच्या अल्बमच्या सुरुवातीला पाच सेकंद काहीच नसतं, मुद्दाम सोडलेली शांतता असते. आमच्या भाच्याने दोनदा माझा फोन हँग झाला म्हणून रीस्टार्ट केला होता.

न्यूयॉर्कचं त्झाडिक हे जॉन झॉर्न या सॅक्सोफोनवाल्या संगीतकाराने १९९५ साली काढलं. तिथे मालिकाच आहेत: एक संगीतरचनाकारांची, एक नव्या ज्यू संगीताची, एक जपानी कलाकारांची, एक स्त्री संगीतकारांची. झॉर्न माणूस झपाटलेला आहे. ‘मसादा’ नावाखाली त्याने एकूण ६१३ रचना लिहिल्या, कारण ज्यू परंपरेत आज्ञा ६१३ आहेत. हे आपल्याकडे कोणी केलं असतं तर एकशे आठवर थांबलं असतं.

झ्युरिकचं इंटाक्ट ऐंशीच्या दशकातलं. त्याचा जन्मच पियानोवादक इरेन श्वाइत्सरच्या रेकॉर्डिंगांपायी झाला, आणि ते वर्गणीदारांना वर्षभर नव्या सीडी घरपोच पाठवतं. लिस्बनचं क्लीन फीड २००१ सालचं आहे. न्यूयॉर्कचं पाय रेकॉर्डिंग्जही त्याच साली निघालं. संगीतकार हेन्री थ्रेडगिलच्या ज्या अल्बमला २०१६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तो याच लहानशा लेबलने काढला होता.

आणि ईएसपी-डिस्क! बर्नार्ड स्टोलमन नावाच्या वकिलाने १९६३ च्या सुमारास सुरू केलेलं. एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचं त्याला वेड, म्हणून पहिली तबकडी एस्पेरांतोतल्या गाण्या-कवितांची. मग किंचाळत्या सॅक्सोफोनचा अल्बर्ट आयलर. कुठून कुठे. पण कलाकार काय वाजवणार यात लेबल ढवळाढवळ करणार नाही, असं वेष्टणावरच छापणारा माणूस होता तो. कलाकारांच्या हातात पैसे किती पडले याबद्दल मात्र फार बरं बोललं जात नाही. कान चांगला असला म्हणजे हिशेब चांगला असतोच असं नाही, हे मी रोज अडतीवर बघतो.

माझा कान शास्त्रीयचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचं काम निम्मं झालेलं आहे. ही वाट घ्या.

पहिल्यांदा ईसीएमचा १९८७ चा ‘मेकिंग म्युझिक’. झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफलिन आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक. यात प्रयोगशील फारसं काही नाही, पण घराचा उंबरा ओलांडायला बरा. मग ‘कोडोना’ ऐका. कॉलिन वॉलकॉट सतार आणि तबला वाजवतो (रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याकडे शिकलेला), डॉन चेरी कर्णा (ट्रंपेट) फुंकतो, आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस तालवाद्यं सांभाळतो. तिसरा टप्पा पाय रेकॉर्डिंग्जचा २००८ चा ‘किन्समेन’. रुद्रेश महंतप्पा आणि कद्री गोपालनाथ असे दोन सॅक्सोफोन समोरासमोर, एक न्यूयॉर्कचा, एक कर्नाटक संगीतातला. गोपालनाथांची गमक ऐकल्यावर सॅक्सोफोन परदेशी वाद्य आहे हे विसरायला होतं.

एवढं पचलं की आयलरकडे जा. जर्मन सॅक्सोफोनवाल्या पेटर ब्रोट्झमनच्या १९६८ च्या ‘मशीन गन’पासून सुरुवात करू नका. मी केली होती. शेजारच्या काकूंनी मिक्सर बिघडला का म्हणून कठड्यावरून विचारलं.

मिरजेचा यात काय संबंध? तुम्ही उगाच ओढूनताणून आणता.

हा प्रश्न मला आवडतो, त्यामुळे उत्तर लांबेल.

मिरजेला सतारमेकरांच्या दुकानात जा. तिथले तंबोरे देशभर जातात, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. हे कारागीर मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या तसे एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. तिथे कोणी जवारी काढत असेल तर थांबून बघा. घोडीचा पृष्ठभाग कणभर घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचा, मग तारेखाली सूत सरकवायचं. एका जागी सूत आलं की तार नुसती वाजत नाही, फुलते. एका ‘सा’तून गंधार, पंचम, वरचा निषाद असे सूर आपोआप ऐकू येतात.

आता न्यूयॉर्कला या. ला माँट यंग नावाचा संगीतकार साठच्या दशकापासून तासन्‌तास एकच सूर, एकच स्वरसंगती धरून बसायचा. सुरांच्या आत काय दडलंय हे ऐकायचं म्हणून. १९७० पासून तो आणि टेरी रायली हा दुसरा संगीतकार पंडित प्राणनाथांचे गंडाबंध शिष्य झाले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. आणि वहीद खाँसाहेबांचे भाऊबंद अब्दुल करीम खाँसाहेब कुठे राहिले, कुठे त्यांचं दफन झालं? मिरजेला. मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई हजेरी लावतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या पोटमाळ्यावरच्या त्या अवघड संगीताला पुढे मिळालेली तालीम आणि मिरजेतल्या दर्ग्यातलं गाणं हे एकाच घराण्याचं. डॉन चेरीसुद्धा प्राणनाथांकडे शिकायला गेला होता.

आणखी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर निवृत्तीनंतर बावीस श्रुती मोजायच्या मागे लागले. करीम खाँसाहेब गायचे, देवल तारेची लांबी मोजून कंपनसंख्या मांडायचे, आणि त्यावरून श्रुतींची पेटी बनवायची खटपट चालायची. ‘आपल्या पेटीचे बारा सूर पुरत नाहीत’ ही तक्रार घेऊन आज कितीतरी प्रयोगशील संगीतकार खास वाद्यं बनवून घेतात, आणि त्यांचे अल्बम निघाले की मी डाउनलोड करतो. ती तक्रार आमच्या गावातल्या एका पेन्शनरने शंभर वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेली आहे.

श्वासाचंही तसंच. इव्हान पार्कर श्वास न तोडता सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो याचं लोकांना केवढं नवल. आपल्या लग्नातल्या सनईवाल्यांमध्ये जो नुसता सूर धरून मागे बसलेला असतो, तो तेच करतो. गालात हवा साठवायची, नाकाने घ्यायची, सूर तुटू द्यायचा नाही. पार्कर त्या श्वासावर वर तीन-तीन पदर चढवतो हा भाग निराळा.

नवीन आलेलं कळतं कसं?

शुक्रवार लक्षात ठेवा. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. त्याआधी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता.

बाकी काम सोपं आहे. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर लेबलच्या पानावर जाऊन ‘फॉलो’ करायचं, म्हणजे नवीन आलं की ईमेल येते. ज्यांचं पान तिथे नाही त्यांच्या संकेतस्थळावर ईमेल पत्ता देऊन ठेवायचा. मी यासाठी वेगळा पत्ता काढलाय, नाहीतर विजेच्या बिलांखाली सगळं पुरलं जातं. लेबलचे कॅटलॉग क्रमांकही बघत जा. प्रत्येक अल्बमला क्रमांक असतो, मधला एखादा सुटला तर लगेच कळतं. मला हे हळदीच्या लॉट नंबरसारखं वाटतं, म्हणून कदाचित जमतं.

लेबलं मात्र तीनच निवडा. मी एका हिवाळ्यात एकवीस धरली होती. महिन्याभरात ईमेल उघडायचीही भीती वाटायला लागली.

म्हणजे आलेलं सगळं ऐकायचं?

मुळीच नाही. एकटा झॉर्न वर्षात स्वतःचेच इतके अल्बम काढतो की नोकरी सोडावी लागेल. मी महिन्याला एक विकत घेतो आणि तो चार वेळा ऐकल्याशिवाय दुसरा घेत नाही. पहिल्यांदा काहीच कळत नाही. दुसऱ्यांदा कोण कुठलं वाद्य वाजवतोय ते कळतं. तिसऱ्यांदा कोण कोणाचं ऐकतोय ते कळायला लागतं, आणि तिथे गंमत आहे. चौथ्यांदा आवडलं की नाही ते ठरवतो.

आणि नव्याच्या नादात जुनं सोडू नका. नवं नाव आलं की त्याची मागची कुंडली काढायची. उदाहरणार्थ आयलरचा १९६४ चा ‘स्पिरिच्युअल युनिटी’. त्यात बास आहे गॅरी पीकॉकचा. हाच पीकॉक पुढे १९८३ पासून तीस वर्षं पियानोवादक कीथ जॅरेटच्या त्रिकुटात ईसीएमवर वाजवत होता, तेही जुनी लोकप्रिय गाणी. एका माणसाच्या बोटांमागून गेलं की दोन टोकांमधला सगळा रस्ता दिसतो.

स्पॉटिफायवर आहे की. पैसे कशाला घालवायचे?

चाखायला तिथे ऐका, मीही ऐकतो. पण २०२४ पासून तिथे नियम असा आहे की वर्षभरात एखादा ट्रॅक हजार वेळा वाजला नाही तर त्याचा मोबदला मिळतच नाही. लिस्बनच्या एखाद्या त्रिकुटाचा सव्वीस मिनिटांचा ट्रॅक हजार वेळा कोण वाजवणार? या लेबलांच्या आवृत्त्या पाचशे-हजाराच्या, म्हणजे आपल्याकडच्या कवितासंग्रहाएवढ्या. तुमच्या एका खरेदीला तिथे खरोखर वजन असतं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण पंधरा टक्के कापतं, पैसे पोचवण्याचा खर्च सोडला तर बाकीचे लेबलकडे आणि कलाकाराकडे जातात. अडत म्हणून बघितलं तर पंधरा टक्के जास्तच, पण इतर ठिकाणच्या मानाने बरी.

बँडकॅम्प शुक्रवार म्हणजे?

टाळेबंदीत कार्यक्रम बंद पडले तेव्हा, २० मार्च २०२० ला, बँडकॅम्पने एक दिवस आपली पंधरा टक्क्यांची अडत सोडून दिली. तेव्हापासून वर्षातले काही ठरावीक शुक्रवार तसे असतात, तारखा आधी जाहीर होतात. वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी दुपारी साडेबारा, आणि त्यांच्या हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी उठून घाईने घेतलंत तर अडत कापली जाते. माझी दोनदा कापली गेलीय.

पैसे भरताना कार्ड चालत नाही. काय करू?

बहुधा कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद असतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मार्च २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएमसाठी आणि दुकानातल्या मशीनसाठीच चालू होऊन येतात. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आपण सुरू करायचे. मर्यादा हजार-दीड हजाराची ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. डिजिटल अल्बम साधारण सात ते दहा डॉलरला पडतो. वर बँक परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेते, ते धरून चाला. यूपीआयवर माझं तरी काम कधी झालेलं नाही.

प्री-ऑर्डर केली आणि एकच ट्रॅक आला. फसलो का?

नाही. बाकीचे प्रकाशनाच्या दिवशी येतात. दिवाळी अंकाचे पैसे गणपतीत भरतो, तसंच.

एलपी मागवावी का?

हौस असेल तर मागवा, हिशेब करू नका. पंचवीस-तीस डॉलरची एलपी, जवळजवळ तेवढंच टपाल, वर कस्टम. पार्सल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून पुढे येतं आणि ड्यूटीची रक्कम पोस्टमनच्या हातात द्यावी लागते, तेव्हा घरात सुटे ठेवा. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून घ्यायची जुनी युक्ती २०१९ च्या डिसेंबरपासून संपली. एका परदेशी दुकानाने मला एलपी पातळ पाकिटात पाठवली होती, ती आली तेव्हा पापडासारखी वाकलेली. मे महिन्यातला प्रवास, अजून काय होणार. तेव्हापासून मी मागवायच्या तर दिवाळीनंतर मागवतो.

आणि आम्ही गावभागातले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात खालचे दोन कप्पे बुडाले. तबकड्या धुऊन वाळवल्या, अजून वाजतात. सीडीही वाजतात. कव्हरं मात्र लगदा झाली. आता माझ्याकडे अकरा एलपी आहेत ज्यांच्या वेष्टणावर मी स्वतः स्केचपेनने नाव लिहिलंय. त्यात एक ईसीएमची आहे. कव्हरांसाठी जगभर नावाजलेलं लेबल, आणि माझ्याकडे ती खाकी पुठ्ठ्यात. ज्यांचं घर नदीच्या अंगाला आहे त्यांनी फाइलीच घ्याव्यात.

फ्लॅक घेऊ की एमपी३?

फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणारी फाइल. एकदा पैसे भरले की बँडकॅम्प दोन्ही देतं, मग कमी प्रतीचं कशाला? अल्बमला तीनेकशे एमबी लागतात. फोनवर जागा नसेल तर फोनला एमपी३, घरच्या हार्डडिस्कवर फ्लॅक. फरक ऐकू येतो का? ढोलाला नाही. पण जिथे झांजेवर ब्रश नुसता फिरतोय, तिथे येतो.

हे ऐकून काय वाटायला पाहिजे?

मी कोण सांगणार. एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी आयलर लावला होता, हेडफोनची वायर निघालेली आणि मला पत्ता नाही. आई जपमाळ घेऊन शेजारी येऊन बसली. आता बोलणी खाणार म्हणून मी बंद करायला उठलो, तर म्हणाली, “राहू दे. कोण गेलंय त्याचं?” मी म्हटलं, कोणी नाही, तो असंच वाजवायचा. “असंच कोण रडतंय व्हय?” म्हणाली आणि माळ पुढे ओढायला लागली. आयलर १९७० साली न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत मृतावस्थेत सापडला, वय ३४. हे मी तिला सांगितलं नाही. लायनर नोट्समध्ये, म्हणजे अल्बमसोबतच्या टिपणांत, मी बरंच काही वाचलंय, आईच्या प्रश्नाएवढं नेमकं थोडंच.

आणि नाहीच आवडलं तर?

नका ऐकू. नाट्यसंगीत आहेच की, आणि ते सांगलीत फुकट मिळतं.

तुमच्याकडे ऐकायला येता येईल का?

या की. रविवारी दुपारी तीननंतर. येताना भडंग आणलं तर बरं, पण ते ट्रॅक संपल्यावर खायचं, कुरकुर रेकॉर्डिंगमधली की बाहेरची हे कळत नाही. साडेसहाला आईचा हरिपाठ असतो, त्याच्या आत संपेल असंच काहीतरी लावू.